पाटावरचा पाना

१

दसऱ्याच्या सकाळी यवतेश्वरच्या घाटात एक जुनी, क्रीम रंगाची फियाट कठडा तोडून खाली गेली. बॉनेटवर झेंडूचा हार होता आणि आत एकटे सुभेदार नाथाजी फाळके होते. आम्ही पोचलो तेव्हा हार जागच्या जागी होता. सुभेदार गेले होते.

मी संयोगिता बाबर, साताऱ्यात पोलिसांत सहायक निरीक्षक. सणासुदीचा अपघात म्हटलं की आमच्याकडे दारू, झोप नाहीतर मोबाइल यातलं एक कारण लिहून लोक मोकळे होतात. मला तसं मोकळं होता येत नाही, आणि त्यामुळे वरिष्ठांच्या डोक्याला मी कायमचा ताप आहे.

दुचाकीवरून वर चाललेल्या एका जोडप्यानं सगळं पाहिलं होतं. बाईच पुढं होऊन बोलली.

"आवं, म्हातारबा हात भाईर काढून 'बाजूला व्हा, बाजूला व्हा' म्हनत हुते," ती म्हणाली. "हॉर्न वाजवत हुते सारखा. आमाला वाचवायला गाडी कडंला घेतली त्यांनी."

म्हणजे माणूस पूर्ण शुद्धीत होता. चक्कर आली नव्हती, डोळा लागला नव्हता. फौजेत गाड्यांच्या खात्यात सगळी नोकरी केलेल्या माणसाला घाट उतरताना ब्रेक लागला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

त्यांच्या खिशात गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी सापडली. शवविच्छेदन करणारे डॉक्टर म्हणाले, "हृदयाची गोळी आहे. पण मृत्यू हृदयानं झालेला नाही."

क्रेननं वर काढलेली गाडी आमच्या आवारात आणली, आणि मी हवालदार तानाजीला पोटाखाली शिरायला लावलं. पुढच्या डाव्या चाकामागे ब्रेकच्या नळीचा एक नट असतो. जमिनीवर बसून हात घातला की पोचेल असा.

"मॅडम," तानाजी खालूनच म्हणाला, "नट तुटल्याला न्हाई. नळी बी फुटल्याली न्हाई."

"मग?"

"सैल केलाय कुणीतरी."

२

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत साहेबांनी आरोपी धरून आणलासुद्धा. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत छोटं गॅरेज चालवणारा कोंडीबा कोळेकर. फियाट त्यानंच दुरुस्त करून उभी केली होती, ब्रेकही त्यानंच बसवले होते. साहेबांच्या दृष्टीनं प्रश्न मिटला होता. त्याची बायको धोंडुबाई सांगलीहून मिळेल त्या गाडीनं आली आणि ठाण्याच्या पायरीवर बसून राहिली. तिच्या मांडीवर भाकरीचं फडकं होतं. ती कुणाला काही विचारत नव्हती, आणि आत-बाहेर करताना तिच्याकडे न बघता जाणं मला जड जात होतं.

कोंडीबा आत भिंतीला टेकून बसला होता. जतकडचा माणूस, बाप मेंढरं राखायचा, हा गाड्यांच्या नादी लागला.

"मला फाशी द्या, पर नट सैल ठेवला म्हनू नका," तो म्हणाला. "ह्या हातानं आवळलाय मी. अष्टमीला साताऱ्यात सुभेदार अण्णांच्या शेडमदी यून शेवटची तपासनी केली. अण्णा सोता खाली वाकून बघत हुते."

"तेल गळत नव्हतं?"

"थेंब न्हाई. आनि गळलं असतं तर अण्णांनी गाडी हलवली असती व्हय? रोज सकाळी गाडीखाली वाकून बघायची फौजेतली सवय त्यांची. फर्स्ट परेड म्हनायचे. खाली डाग दिसला तर गाडी दाराभाईर न्हाई. मला तर शंभरदा ऐकवलंय."

"अष्टमीला आणखी कोण होतं शेडमध्ये?"

"राहीकाकी, अण्णांची मंडळी. ब्रेकातली हवा काढताना त्या पायडल दाबायच्या. अण्णा खालनं म्हनायचे दाब, धर, सोड. दोघं म्हातारी मानसं लय हसत हुती त्या दिवशी."

एवढं बोलून त्यानं तोंड फिरवलं. मी त्याला रडू दिलं.

गाडी कशासाठी होती तेही त्यानंच सांगितलं. सुभेदारांचा मुलगा शिवतेज तीन वर्षांपूर्वी पूंछकडच्या एका चौकीवर बर्फात गेला. कॉलेजात असताना त्यानं ही फियाट माधवनगरात पाहिली होती आणि बायकोला, म्हणजे शिवांजलीला, शब्द दिला होता की एक दिवस ही गाडी घेईन आणि माझी चौकी तुला दाखवीन. मुलाचा तो शब्द बाप पुरा करायला निघाला होता. सुनेला घेऊन, दसऱ्याला सीमोल्लंघन करून, थेट पूंछपर्यंत.

"नवमीला तू कुठं होतास?" मी शेवटी विचारलं.

कोंडीबा माझ्याकडे बघतच राहिला. "खंडेनवमीला? मॅडम, त्या दिवशी हत्यारं पुजंत असत्यात. शटर खाली. पान्याला हात लावत न्हाई कुनी."

हे मलाही ठाऊक होतं. तरी मी उठले ती थेट आवारात गेले, बॅटरी घेतली आणि साडीवर असते तर केलं नसतं ते केलं. स्वतः गाडीखाली शिरले.

नटाच्या कंगोऱ्यात लाल काहीतरी होतं. आधी मला गंज वाटला. नखानं खरवडलं तर ते बोटाला लागलं.

कुंकू होतं ते.

३

गाडीची पूजा बॉनेटवर होते, स्टिअरिंगवर होते, चाकांवर होते. पोटातल्या नटाची पूजा कुणी करत नाही. तिथं कुंकू जायचा एकच रस्ता: ज्या पान्यानं नट फिरवला त्याला कुंकू लागलेलं होतं. म्हणजे नट फिरला तो खंडेनवमीची पूजा झाल्यावर, पूजेतलाच पाना उचलून. तेव्हा कोंडीबा साताऱ्यात नव्हताच. कुपवाडात त्याचं शटर खाली होतं आणि शेजारचे चार गॅरेजवाले त्याच्याच दारात प्रसाद खात बसले होते, हे तानाजीनं फोनवर पक्कं केलं.

साहेब म्हणाले, "कुंकवाच्या डागावर आरोपी सोडू का मी?"

"डागावर नको. खरा माणूस आणून देते."

बोलून गेले खरी. पण खरा माणूस खिशात नव्हता.

नवमीला फाळक्यांच्या घरी बाहेरचा एकच माणूस आला होता, वीरधवल. गाडी त्यानंच विकली होती. माधवनगरात त्याच्या वडिलांचा मागांचा कारखाना होता. तो बंद पडला, वडील गेले, आणि राहिलेल्या वस्तूंमध्ये ही फियाट होती. विकल्यानंतर त्यानं ती परत मागण्यासाठी सुभेदारांना सारखे फोन केले होते. मी सांगलीला जाऊन त्याच्यासमोर बसले.

"हो, मागत होतो," तो म्हणाला. चांगले कपडे, खोल गेलेले डोळे. "वडील सुट्टीच्या दिवशी आम्हाला त्या गाडीतून कृष्णेकाठी न्यायचे. विकली, आणि झोप उडाली माझी. नवमीला शेवटचं विचारायला गेलो. सुभेदारांनी मला गाडीत बसवलं, इंजिन चालू करून ऐकवलं आणि म्हणाले, पूंछहून आलो की तुमच्या दारात आणून उभी करतो, हवी तेवढी फिरवा. अशा माणसाला मी मारू?"

"शेडमध्ये एकटे होतात का?"

"क्षणभरही नाही. ते बरोबर होते. चहा घेतला आणि निघालो. पाटावर हत्यारं मांडली होती, त्यांना नमस्कार केला तेवढाच."

तो खरं बोलत होता की नाही हे त्याच्या डोळ्यांवरून मी ठरवलं नाही. डोळ्यांवर विश्वास ठेवण्याइतकी मी आता नवी राहिलेली नाही. तो पाट मात्र मला बघायलाच हवा होता.

४

घाटाच्या पायथ्याशी फाळक्यांचं साधं स्लॅबचं घर. बाजूला पत्र्याची शेड, आत सिमेंटचा कोबा. गाडीच्या जागी रिकामी जमीन होती आणि तिच्याभोवती अर्धवट पुसलेली रांगोळी. डाव्या हाताला, जिथं फियाटचं पुढचं चाक येत असेल तिथं, पाट मांडलेला होता. शेजारी विझलेली समई. मयताच्या घरात दसऱ्याची उत्तरपूजा कोण करणार? हत्यारं तशीच पडून होती. विळा, कोयता, सुभेदारांची जुनी कुकरी, पक्कड आणि ओळीनं लोखंडी पाने.

शिवांजली दारात उभी होती. तिशीची, शाळेत शिकवणारी, कपाळ मोकळं.

"पूजा कुणी केली होती?" मी विचारलं.

"मामंजींनी. दरवर्षी तेच करतात. करायचे." तिनं मोबाइल काढला. "मी फोटो काढला होता. ह्यांना पाठवायची सवय होती. अजून काढते."

फोटोत प्रत्येक हत्यारावर उभा टिळा होता. अंगठ्यानं खालून वर ओढलेला, पुरुष माणूस लावतो तसा. मी फोटो हातात धरून पाटाशी बसले आणि एकेक हत्यार ताडून पाहू लागले. विळा, टिळा. कोयता, टिळा. पक्कड, टिळा.

चौथ्या पान्यावर टिळा नव्हता. तिथं हळदीचं एक बोट आणि त्याखाली कुंकवाचं एक बोट होतं, ठिपक्यासारखं. सवाष्णीला लावावं तसं. आणि तो पाना बाकीच्यांपेक्षा स्वच्छ होता, कुणीतरी पुसून ठेवलेला.

चोरानं पाना वापरून फेकून दिला असता. वीरधवलनं निदान होता तसा परत ठेवला असता. पण हा पाना ज्यानं वापरला त्याला तेलानं पुसला गेलेला टिळा बघवला नव्हता. नवमीच्या दिवशी पूजेतलं हत्यार उघडं राहता कामा नये, म्हणून हातातल्या पापासकट बसून त्यानं पुन्हा हळदकुंकू लावलं होतं. पकडले जाऊ हे त्या डोक्यात आलंच नसणार. आणि ते बोट बाईचं होतं.

घरात बायका दोनच.

५

शिवांजलीला मी शेडमध्येच बसवलं.

"तुम्हाला जायचं होतं पूंछला?"

"खरं सांगू? नव्हतं जायचं. तिथं काय आहे बघायला? बर्फ. पण मामंजी इतके उत्साहात होते, रोज नकाशा काढून बसायचे. मी नाही म्हटलं असतं तर ते खचले असते."

झालं. कारण मिळालं, असं माझ्यातली पोलीस म्हणाली.

"ते गोळ्या कसल्या घेत होते?"

"मामंजी? गोळ्या?" ती खरोखरच गोंधळली. "त्यांना साधी डोकेदुखी नव्हती कधी."

म्हणजे घरातल्या घरात एक गोष्ट तिच्यापासून लपवली होती. ती कोणाला माहीत असणार, हे विचारायची गरज नव्हती.

"पाटावरच्या हत्यारांना तुम्ही हात लावलात का? हळदकुंकू?"

ती हसली. ते हसू मला आवडलं नाही. "मॅडम, हे गेल्यापासून ह्या घरातल्या करंड्याला माझा हात लागलेला नाही. कुणी मनाई केली नाही. पण आत्याबाई, म्हणजे सासूबाई, हळदकुंकवाचं ताट घेऊन आल्या की मीच आत जाते. त्यांना अवघडल्यासारखं व्हायला नको म्हणून."

असल्या रीतीचा मला मनापासून राग आहे. पण त्या दिवशी त्याच रीतीनं तिला सोडवलं. करंड्याला तीन वर्षं हात न लावलेली बाई, चोरून पाना वापरल्यावर, करंडा शोधत बसणार नाही. सवयीनं करंड्याकडे जाणारा हात दुसरा होता.

एकच गोष्ट अडत होती. नट नवमीच्या संध्याकाळी सैल झाला, तर रात्रभर तेल गळलं असणार. सुभेदार सकाळी वाकून बघतातच. मग त्यांना डाग कसा दिसला नाही?

"दसऱ्याला सकाळी शेडमध्ये पहिलं कोण आलं?"

"मी. जमीन धुतली, रांगोळी काढली. ओलं असतानाच मामंजी आले गाडी बघायला."

मी पुढं काही विचारलं नाही. सगळं एका जागी येऊन बसलं होतं, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की इतरांसारखी दारू नाहीतर झोप लिहून मोकळी झाले असते तर बरं झालं असतं.

६

राहीबाई आतल्या खोलीत घोंगडीवर बसल्या होत्या. कपाळावर जिथं चाळीस वर्षं कुंकू होतं तिथली कातडी फिकट दिसत होती. मी समोर जमिनीवर बसले आणि पुसलेला पाना त्यांच्यापुढं ठेवला.

त्यांनी तो बघितला. नाही म्हणायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"कोंडीबाला सोडलं का न्हाई?" एवढंच विचारलं.

"तुम्ही सांगितलंत की सोडते. सुभेदारांना काय होत होतं, काकी?"

"डोळ्याफुडं अंधारी यायची. ट्रॅक्टरवर दोनदा आली. डाक्टर म्हनला, गाडी चालवू नका. ह्यांनी मला शिवतेजच्या फोटूवर हात ठिवून शपत घातली, पोरीला सांगायचं न्हाई, कुनाला सांगायचं न्हाई." त्यांचा आवाज सरळ होता. "पोराच्या नावाची शपत कशी मोडू? आनि न मोडावी तर हे त्या पोरीला घिऊन दोन हजार किलोमीटर जानार. वाटंत अंधारी आली म्हंजे? एक पोरगा गेला माझा. ही दोघं बी जायची."

"म्हणून नट."

"ब्रेकाचं काम करताना त्यांनीच दाखिवला हुता. म्हनले, हितनं थेंब जरी गळला तर गाडी दाराभाईर काढायची न्हाई. मी म्हनलं, मंग गळू दे थेंब. सकाळी बघतील, कोंडीबाला बोलावतील, चार दिस जातील. दसऱ्याचा मुहूर्त टळला की त्यांचं मन बी मागं सरलं असतं. तोवर दुसरं कायतरी सुचलं असतं मला."

"आणि सकाळी?"

"सकाळी त्यांनी वाकून बघितलं. मी दारात हुते. म्हनले, 'राही, एक थेंब न्हाई बघ. पोरानं झकास काम केलंय.'" त्यांनी पाना उलटा करून ठेवला. "मला वाटलं, माज्या हातात जोरच न्हाई, नट फिरलाच न्हाई. मला बरं वाटलं, मॅडम. म्हनलं देवानं हात धरला माजा. 'यवतेश्वराला जाऊन येतो, मंग निघू,' म्हनले. मी म्हनलं, जावा. मी पुरन वाटत हुते."

तीन दिवस कोंडीबा कोठडीत असताना ही बाई गप्प का बसली, हा राग माझ्या मनात होता. तो मी बोलून दाखवला.

त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "मी काय सांगू? नट मी सोडला म्हनलं तर तुमी इचारनार, मंग डाग का न्हाई दिसला. मला बी गाडी पडल्याची खबर आली तवाच कळलं. जमीन पोरीनं धुतली. तिला कळलं तर ती जगंल व्हय? तुमी असं लिवा, मी नवऱ्याला मारलं. भांडन हुतं लिवा. धुन्याचं लिवू नका."

"काकी, ते लिहिलं नाही तर हा सरळ खून होतो. जन्मठेप. धुण्याची गोष्ट हीच तुमची बाजू आहे. तुम्हाला त्यांना मारायचं नव्हतं, थांबवायचं होतं, हे त्याशिवाय कोर्टाला कसं कळणार?"

"मला कुटं जायचंय आता? कोठडी काय नि हे घर काय."

मी कागद पुढं ओढला आणि पेन हातात तसंच धरून बसले. नोकरीत पहिल्यांदा मला काय लिहावं ते कळत नव्हतं. खोटं लिहिलं तर एक बाई जन्माची आत जाणार होती, आणि खरं लिहिलं तर दुसरी.

दारात कप खडखडले. शिवांजली चहाचा ट्रे घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. चहावर साय धरली होती.

तिनं ट्रे खाली ठेवला आणि सासूच्या समोर बसली.

"डाग मला दिसला होता," ती म्हणाली.

राहीबाईंनी तिचं तोंड दाबायला हात पुढं केला. तिनं तो धरून ठेवला.

"समईशेजारी होता. मला वाटलं समई कलंडून तेल सांडलंय. दसऱ्याच्या दिवशी, प्रवासाला निघताना, देवापुढचं तेल सांडलेलं. आत्याबाईंना दिसलं असतं तर त्यांच्या जिवाला घोर लागला असता. म्हणून त्यांच्याआधी उठून मी राख टाकून घासला, पाणी ओतलं, वर रांगोळी काढली. मी असलं काही मानत नाही मॅडम. शाळेत पोरांना शिकवते हे मानू नका म्हणून. पण त्यांच्यासाठी घासला." ती माझ्याकडे वळली. "हे लिहा. डाग होता, मी पाहिला, मी पुसला. सही करते."

राहीबाई नवरा गेल्यापासून रडल्या नव्हत्या, असं शेजारी सांगत होते. आता त्या रडल्या. सुनेच्या मांडीत डोकं घालून, "माज्यासाटी ग? माज्यासाटी?" एवढंच म्हणत राहिल्या. सून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि तिचा स्वतःचा चेहरा दगड झाला होता.

मी जबाब लिहून घेतले. दोघींचे, जसेच्या तसे. मग अंगणात येऊन ठाण्यात फोन लावला आणि कोंडीबाच्या सुटकेचे कागद करायला सांगितले. तानाजीला म्हटलं, पायरीवर बसलेल्या बाईला आधी आत घे, नवऱ्याजवळ बसव.

जीप दारात उभी होती. मला एकीलाच न्यायचं होतं. मागचं दार उघडलं तर आधी शिवांजली चढली, मग तिनं हात देऊन सासूला वर घेतलं आणि तिच्या अंगावरचा पदर सारखा केला.

मी तिला उतर म्हटलं नाही.